एका सेकंदाचं प्रकरण: टेक्सास विरुद्ध नेब्रास्का, २००९

५ डिसेंबर २००९. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचं काउबॉइज स्टेडियम. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना. फलकावर नेब्रास्का १२, टेक्सास १० आणि घड्याळात शून्य. नेब्रास्का विद्यापीठाचे खेळाडू आनंदाने मैदानात धावत सुटले. दहा वर्षांनी त्यांना कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या विद्यापीठ-गटाचं, विजेतेपद मिळणार होतं. पंचांनी मात्र सगळ्यांना थांबवलं. चित्रफीत पाहिली गेली आणि घड्याळावर एक सेकंद परत टाकायचा निर्णय झाला. त्या एका सेकंदात टेक्सास विद्यापीठाच्या हंटर लॉरेन्सने ४६ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू गोलच्या खांबांमधून पार केला, त्याचे तीन गुण मिळाले आणि सामना १३-१२ असा टेक्सासकडे गेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सेकंद परत देण्याचा निर्णय बरोबर होता. पण नेब्रास्काच्या लोकांना तो आजही सलतो, आणि त्यामागची कारणं त्या सेकंदापेक्षा बरीच जुनी आहेत. सामना हातातून निसटला तो क्षणही वेगळाच होता. या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा घड्याळापाशी सुरू होऊन घड्याळापाशीच संपते, म्हणून ते मुळापासून मांडावंसं वाटलं.

वैर कुठून आलं

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे विद्यार्थ्यांचा हौशी खेळ, अशी कल्पना असेल तर ती बाजूला ठेवावी लागेल. नेब्रास्का राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. राज्याचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ. लिंकन शहरातल्या त्यांच्या मेमोरियल स्टेडियममध्ये १९६२ पासून प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. टॉम ऑस्बर्न १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षं तिथे प्रशिक्षक होते. १९९४, १९९५ आणि १९९७ या वर्षांची राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या काळातली. २००९ मध्ये तेच विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख होते.

विद्यापीठं आपापल्या गटांत खेळतात आणि या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. नेब्रास्काचा जुना गट ‘बिग एट’. १९९६ मध्ये त्या आठ विद्यापीठांत टेक्सास राज्यातली चार मिसळली आणि ‘बिग १२’ तयार झाली. बारा संघ, उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग, आणि दोन्ही विभागांच्या विजेत्यांमध्ये शेवटी एक सामना. अशा विजेतेपदाच्या सामन्याची पद्धत आग्नेयेकडच्या एसईसी कॉन्फरन्सने १९९२ मध्ये सुरू केली होती. तिकिटं आणि टीव्हीचे पैसे दिसल्यावर बाकीच्यांनी ती उचलली.

जुन्या गटात नेब्रास्का आणि ओक्लाहोमा हे दोन मोठे होते. नव्या घरात मात्र टेक्सासचा शब्द चालू लागला. कार्यालय कॅन्सस सिटीकडे न राहता टेक्सासमध्ये गेलं. शैक्षणिक पात्रता अर्धवट असलेल्या खेळाडूंना घेण्यावर बंधनं आली. त्यांना ऑस्बर्न यांचा कडवा विरोध होता, पण त्या मुद्द्यावर नेब्रास्का एकटं पडलं. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांचा दरवर्षीचा सामना ही त्या भागातली मोठी परंपरा होती. नव्या वेळापत्रकात दोन वर्षं सामना आणि दोन वर्षं सुट्टी, असं तिचं झालं.

मैदानावरही तेच चित्र होतं. १९९६ चा पहिलावहिला बिग १२ अंतिम सामना सेंट लुइसला झाला. देशात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या नेब्रास्कासमोर क्रमवारीतही नसलेला टेक्सास संघ होता. शेवटच्या मिनिटांत टेक्सास तीन गुणांनी पुढे होता. चौथा डाऊन होता (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), चेंडू त्यांच्याच २८ यार्डांच्या रेषेवर होता आणि काही इंच कमी पडत होते. अशा वेळी चेंडू लांब लाथाडून द्यायचा हा शिरस्ता. टेक्सासने उलट चाल खेळली. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, जेम्स ब्राउन डावीकडे धावला, आता तो स्वतःच घुसणार असं वाटत असताना त्याने पास फेकला आणि ६१ यार्ड मिळवले. टेक्सास ३७-२७ ने जिंकला.

१९९८ मध्ये टेक्सासने लिंकनला येऊन नेब्रास्काची घरच्या मैदानावरची ४७ सामन्यांची विजयमालिका तोडली. २००२ मध्ये तीन गुणांनी, २००६ मध्ये बर्फ पडत असताना शेवटच्या अर्ध्या मिनिटातल्या फील्ड गोलने दोन गुणांनी, २००७ मध्ये पुन्हा तीन गुणांनी टेक्सासच जिंकला. नेब्रास्काचा एकच विजय म्हणजे १९९९ चा अंतिम सामना, २२-६. हरणं एक वेळ पचतं. पुन्हा पुन्हा दोन-तीन गुणांनी हरणं मात्र आत साचत जातं, आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये नेब्रास्काचे लोक हे सगळं बरोबर घेऊनच आर्लिंग्टनला आले होते.

सामना

टेक्सास १२-० असा अपराजित होता. त्या काळी राष्ट्रीय अंतिम सामन्यासाठी मतदान आणि संगणकाची क्रमवारी एकत्र करून फक्त दोन संघ निवडले जात. या पद्धतीचं नाव बीसीएस. त्याच दिवशी अटलांटात पहिल्या क्रमांकाच्या फ्लोरिडाला दुसऱ्या क्रमांकाच्या अलाबामाने ३२-१३ ने हरवलं होतं. तिसऱ्या क्रमांकाच्या टेक्सासने फक्त जिंकायचं होतं. हरले असते तर सिनसिनाटी आणि टीसीयू हे दोन अपराजित संघ ती जागा घ्यायला उभेच होते. नेब्रास्काने त्या हंगामात नऊ सामने जिंकले होते आणि तीन हरले होते. टेक्सास सहज जिंकेल असाच बहुतेकांचा अंदाज होता.

सामना मात्र एका माणसाने वेगळ्याच दिशेला नेला. त्याचं नाव एनडामुकाँग सू. वडील कॅमेरूनचे, आई जमैकाची, आणि हा नेब्रास्काच्या बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडणं म्हणजे सॅक. एखाद्या बचावपटूला एका सामन्यात दोन सॅक मिळाले तरी त्याचा दिवस सोन्याचा मानतात. सूने त्या रात्री साडेचार मिळवले आणि एकूण १२ टॅकल केले, म्हणजे चेंडू असलेल्या खेळाडूला पाडलं. टेक्सासचा क्वार्टरबॅक कोल्ट मॅककॉय म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात तोपर्यंत सर्वाधिक विजय मिळवलेला क्वार्टरबॅक. त्याला नेब्रास्काने नऊ वेळा लोळवलं आणि त्याचे तीन पास मधेच पळवले. एका चालीत सूने त्याला अंगरख्याला धरून अक्षरशः भिरकावून दिलं. ती चित्रफीत पाहताना मी अजूनही मागे नेऊन पुन्हा पाहतो. समोरच्या फळीतले दोन-दोन जण अंगावर घेऊन हा माणूस ज्या वेगाने पुढे सरकतो, त्यावर विश्वास बसत नाही. हरलेल्या बाजूच्या बचावपटूने इतकं मोठं काही केल्याचं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

दुसरीकडे नेब्रास्काचं आक्रमण जवळपास नव्हतंच. संपूर्ण सामन्यात त्यांनी १०६ यार्ड मिळवले आणि फक्त पाच फर्स्ट डाऊन, म्हणजे दहा यार्ड पूर्ण करून मिळणारे नवे चार प्रयत्न. क्वार्टरबॅक झॅक ली याचे १९ पैकी सहाच पास पोचले. त्यांतून मिळाले ३९ यार्ड, आणि तीन पास टेक्सासने पळवले. हे आकडे विजेतेपदाच्या सामन्यातले आहेत! नेब्रास्काचे बाराही गुण अ‍ॅलेक्स हेन्री या एकट्या किकरने मारलेल्या चार फील्ड गोलचे. टेक्सासकडून एकमेव टचडाउन (चेंडू घेऊन मैदानाच्या टोकाची रेषा पार करणं) मॅककॉयने स्वतः धावत जाऊन केला होता.

शेवटी टेक्सास १०-९ ने पुढे असताना हेन्रीने ४२ यार्डांवरून चौथा गोल मारला. नेब्रास्का १२-१०. घड्याळात १ मिनिट ४४ सेकंद.

शेवटची १०४ सेकंदं

गोल मारल्यावर त्याच संघाने किकऑफ मारायचा असतो, म्हणजे चेंडू लांब मारून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करायचा. नेब्रास्काचा किकऑफ बाजूच्या रेषेबाहेर गेला. त्यासाठी शिक्षा ठरलेली होती. त्या काळी समोरच्या संघाला न धावता, न धडपडता थेट स्वतःच्या ४० यार्डांच्या रेषेवर चेंडू मिळत असे.

पहिल्याच चालीत मॅककॉयने जॉर्डन शिपलीला पास दिला आणि १९ यार्ड मिळाले. शिपलीला पाडताना नेब्रास्काच्या बचावपटूने मागून त्याच्या कॉलरला धरून खाली खेचलं. यात मान आणि पाय मोडण्याचा धोका असल्यामुळे ही चाल निषिद्ध आहे. आणखी १५ यार्ड दंड. टेक्सास नेब्रास्काच्या २६ यार्डांच्या रेषेवर आला. अवघ्या एका चालीत चेंडू फील्ड गोलच्या टप्प्यात.

आता टेक्सासचं गणित सोपं होतं. घड्याळ जवळजवळ संपेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे नेब्रास्काच्या हाती परत चेंडू जाणार नाही, आणि मग किक मारायची. पण पुढच्या चालींत पुढे सरकण्याऐवजी तीन यार्ड मागे जावं लागलं. तिसरा डाऊन आला, १३ यार्ड हवे होते. हाती टाइमआउट होता, म्हणजे घड्याळ थांबवायची एक संधी. दहापेक्षाही कमी सेकंद उरले असताना मॅककॉयने चेंडू घेतला आणि तो सावकाश उजवीकडे धावू लागला. मागे सू. मॅककॉयची नजर मैदानावर होती, घड्याळावर नव्हती. सू जवळ आल्यावर त्याने चेंडू उंच, लांब, मैदानाबाहेर भिरकावला. चेंडू हवेत असताना घड्याळ चालूच होतं. प्रेक्षकांच्या बाजूच्या कठड्यावर तो आदळला आणि घड्याळ शून्यावर गेलं.

हा निर्णय मॅककॉयचा आणि प्रशिक्षक मॅक ब्राउन यांचा, आणि त्याचा बचाव करणं मला जमत नाही. किक मारण्याच्या टप्प्यात असताना, टाइमआउट हातात असताना, इतक्या कमी वेळात धावत पास फेकण्यातून मिळण्यासारखं फार थोडं होतं आणि जाण्यासारखं सगळंच. चेंडू आणखी अर्धा सेकंद हवेत राहिला असता तर टेक्सासचा अपराजित हंगाम एका साध्या वेळेच्या चुकीने संपला असता, आणि ती चूक चार वर्षं संघाचं नेतृत्व केलेल्या क्वार्टरबॅकच्या नावावर कायमची लागली असती.

सेकंद दिला ते बरोबर का

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना घड्याळाचा हा जाच नवा वाटतो, म्हणून नियम नीट सांगतो. कुणीही न झेललेला पास जमिनीला लागला, किंवा मैदानाबाहेरच्या कशालाही लागला, की चाल संपते आणि घड्याळ थांबतं. नुसती हवेत रेषा ओलांडली म्हणून ते थांबत नाही. म्हणजे प्रश्न एकच उरतो: चेंडू कठड्याला लागला त्या क्षणी घड्याळात काय होतं? चित्रफितीत चेंडू आदळताना घड्याळात एक सेकंद दिसतो. नंतर तो शून्य होतो, कारण घड्याळ थांबवणाऱ्या माणसाने आधी पाहायचं आणि मग बटण दाबायचं. माणसाच्या हाताला तेवढा वेळ लागणारच. त्यात त्याचा दोष नाही, पण त्याच्या हाताच्या वेगावर कॉन्फरन्सचं विजेतेपद ठरावं हेही योग्य नाही.

आणखी एक बारकावा आहे. धावणाऱ्या खेळाडूला मैदानाच्या आत पाडलं असतं आणि टाइमआउट घेतला नसता, तर एक सेकंद परत देऊनही उपयोग झाला नसता. पंचांनी इशारा करताच घड्याळ पुन्हा सुरू झालं असतं आणि संघ रांगेत उभा राहीपर्यंत तो सेकंद संपला असता. पास वाया गेला की मात्र घड्याळ पुढची चाल सुरू होतानाच चालू होतं. म्हणून टेक्सासला शांतपणे किकची तयारी करता आली. चेंडू धरून ठेवायला गुडघ्यावर बसला होता तोच जॉर्डन शिपली.

नेब्रास्काचा आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ते विचारतात, संपूर्ण सामन्यात घड्याळ किती वेळा थांबलं? प्रत्येक वेळी हाताला तेवढाच उशीर झाला असणार. ते सगळे तुकडे कुणी मोजले? मग शेवटचाच का मोजला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की आधीच्या तुकड्यांनी सामना संपत नाही. दोन्ही संघ फलकावर दिसणाऱ्या वेळेनुसारच पुढची चाल ठरवतात आणि तो उशीर दोघांच्या वाट्याला येतो. शेवटच्या चालीनंतर ठरवायला काही उरतच नाही. तिथे चूक सुधारली नाही तर ती चूकच निकाल ठरते. हेच नेब्रास्काच्या बाबतीत घडलं असतं आणि सेकंद नाकारला गेला असता, तर तेव्हाही मी हेच लिहिलं असतं.

कटाचा संशय

नेब्रास्काचे प्रशिक्षक बो पेलिनी त्या रात्री प्रचंड संतापले होते, आणि टेक्सासलाच जिंकवायचं होतं ही भावना नेब्रास्कात पसरली. संशयाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टीही होत्या. पंच कॉन्फरन्सने नेमलेले. कॉन्फरन्सचं कार्यालय आर्लिंग्टनच्या शेजारच्या अर्व्हिंगमध्ये. सामना टेक्सासमध्ये. आणि टेक्सास राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला तर मान कॉन्फरन्सचाच.

पण पैशांचा हिशेब मांडला की हा संशय लंगडा पडतो. हंगामाच्या शेवटी निवडक संघांमध्ये होणाऱ्या मानाच्या सामन्यांना ‘बोल’ म्हणतात. नेब्रास्का जिंकला असता तर विजेता म्हणून तो ‘फिएस्टा बोल’ सामन्यात गेला असता, आणि एकच पराभव झालेल्या टेक्सासला दुसऱ्या एखाद्या मोठ्या बोल सामन्याचं आमंत्रण मिळण्याची चांगली शक्यता होती. एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ मोठ्या सामन्यांत गेले की दुसऱ्या संघाचे पैसे वेगळे मिळत. म्हणजे तिजोरीचाच विचार केला असता तर नेब्रास्काचा विजय कॉन्फरन्सला मुळीच महाग पडला नसता.

तरी लोकांचा विश्वास बसला नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. तेरा वर्षं ज्या घरात आपलं म्हणणं ऐकलं जात नाही असं वाटतं, तिथे एखादा बरोबर निर्णयही पक्षपातीच दिसतो. इथे नेब्रास्काबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. टीव्हीच्या पैशांची वाटणी समान नसावी, जास्त दिसणाऱ्या संघांना जास्त मिळावं, या धोरणाच्या बाजूने टेक्सासबरोबर नेब्रास्काही उभं होतं. तक्रार सगळी खरी होती, पण नेब्रास्का त्या व्यवस्थेचं केवळ बळी नव्हतं.

पुढचे परिणाम मोठे झाले. टेक्सास ७ जानेवारी २०१० ला पॅसाडेनात अलाबामाशी राष्ट्रीय अंतिम सामना खेळला. पहिल्याच आक्रमणात मॅककॉयच्या खांद्याला दुखापत झाली आणि टेक्सास ३७-२१ ने हरला. नेब्रास्काने हॉलिडे बोलमध्ये अ‍ॅरिझोनाचा ३३-० असा फडशा पाडला. व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सूला डेट्रॉइट लायन्सने दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. ११ जून २०१० ला नेब्रास्काने बिग १२ सोडून ‘बिग टेन’मध्ये जायचं ठरवलं. ते एका सेकंदामुळे गेले असं म्हणणं चूक ठरेल. बिग टेनकडे स्वतःची टीव्ही वाहिनी होती, वाटणी समान होती आणि बिग १२ त्या उन्हाळ्यात मोडकळीला आली होती. कोलोरॅडो तर एक दिवस आधीच बाहेर पडलं होतं. पण जायचं की राहायचं याचा कौल त्या राज्यात कुणी घेतला असता, तर आर्लिंग्टनची रात्र आठवून मत देणारे थोडे नसते.

जाण्याआधीच्या हंगामात, २०१० मध्ये, टेक्सासचा संघ इतका ढासळला होता की त्याने पाच सामने जिंकले आणि सात हरले. त्या पाचांपैकी एक लिंकनला, नेब्रास्काविरुद्ध, २०-१३. बिग १२ मधल्या दोघांच्या दहा सामन्यांचा अंतिम हिशेब असा झाला: टेक्सास नऊ, नेब्रास्का एक.

पंधरा यार्ड

आता पुन्हा त्या १०४ सेकंदांकडे. लॉरेन्सची किक ४६ यार्डांची कशी झाली ते पाहा. चेंडू २९ यार्डांच्या रेषेवर होता. गोलचे खांब मैदानाच्या टोकाला, म्हणजे आणखी १० यार्ड. किकसाठी चेंडू सात यार्ड मागे धरतात. २९, १० आणि ७ मिळून ४६.

नेब्रास्काचा किकऑफ मैदानात राहिला असता आणि टेक्सासला २५ यार्डांच्या आसपास रोखलं असतं, तर १५ यार्डांचा फरक पडला असता. कॉलर न धरता शिपलीला पाडलं असतं, तरीही फरक १५ यार्डांचाच. पुढच्या चाली तशाच झाल्या असं धरलं, तर यांतली कोणतीही एक चूक टळली असती तरी किक ६१ यार्डांची झाली असती. टेक्सासने मग वेगळ्या चाली खेळल्या असत्या हे खरं, पण ज्या बचावफळीने रात्रभर मॅककॉयला नऊ वेळा पाडलं होतं, तिच्याकडून हे १५ यार्ड मिळवणं किती कठीण होतं ते आधीची ५८ मिनिटं सांगतात. नेब्रास्काच्या आक्रमणाने तोवर काहीही दिलेलं नव्हतं आणि तरीही सूच्या फळीने आणि हेन्रीच्या पायाने सामना जिंकत आणला होता. त्यांनी कमावलेलं हे यश किकऑफच्या एका फटक्याने आणि कॉलरला घातलेल्या एका हाताने, घड्याळाचा वाद निघण्याआधीच, ४६ यार्डांच्या टप्प्यात आणून ठेवलं.